पुढची बाजू

पुढची बाजू ठरल्याशिवाय एकाही फांदीला हात लावायचा नाही, असं बजावून दंतवैद्यांनी जुनिपरच्या बोन्सायची कुंडी जेवणाच्या टेबलावरच्या फिरत्या चकतीवर ठेवली. मग गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि डोळे खोडाच्या पातळीवर आणले. जन्मभर लोकांच्या जबड्यांत वाकून पाहिलं, आता झाडापुढे वाका, असं स्वतःशीच पुटपुटले.

झाड बाबांचं होतं. खोड जाड व्हावं म्हणून त्यांनी ते कितीतरी वर्षं मोकळं वाढू दिलं होतं. या थंडीत दोघं मिळून त्याला आकार देऊ, असं त्यांनी या दंतवैद्य मित्राला सांगून ठेवलं होतं. थंडी वेळेवर आली.

आई बसली नव्हती. बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

दंतवैद्यांनी चकती सावकाश फिरवली आणि मित्राच्या मुलीला समजावून सांगितलं. मुळं जिथून सगळ्यात रुंद पसरलेली दिसतात, खोडाचं वळण लपत नाही आणि शेंडा बघणाऱ्याकडे किंचित झुकतो, ती पुढची बाजू. एकदा ती ठरली की सगळं झाड समोर बसणाऱ्या त्या एका माणसासाठी रचायचं. मागून बघणाऱ्याला फांद्या वळवायला गुंडाळलेल्या नुसत्या तारा दिसतात. त्यांच्या मते गॅलरीकडची बाजू सरस होती. मुलीलाही तीच वाटली.

"छे," आई म्हणाली. "ह्यांच्या खुर्चीकडची. रोज संध्याकाळी इथे बसून ह्याच बाजूने बघत राहायचे. माझ्याकडे नाही कधी बघितलं इतकं."

दंतवैद्य हसले. त्या बाजूने खोडावरचा जुना घाव दिसतो आणि शेंडा तर चक्क पाठ फिरवतो, असं त्यांनी सांगून पाहिलं. आईने ते ऐकून घेतलं आणि आपली दुसरी तक्रार काढली. ह्यांनी झाडाला कायम तहानलेलं ठेवलं. मातीत बोट घालून बघायचे, कोरडी लागली तरच पाणी, तेसुद्धा चमच्याने औषध पाजल्यासारखं. चिक्कू माणूस. आपण तसं करत नाही. सकाळ-संध्याकाळ भरपूर घालतो. ते गेल्यापासून एक वेळ चुकवलेली नाही, आणि बघा कसं हिरवंगार आहे.

मग ती चहा टाकायला आत गेली.

दंतवैद्यांनी सर्वांत खालच्या फांदीला तार गुंडाळली, दोन्ही अंगठे लावले आणि ती हळूहळू वाकवू लागले. फांदी वाकली नाही. काडी मोडल्यासारखा आवाज झाला.

पक्कड खाली ठेवून त्यांनी वरच्या फांदीची साल नखाने खरवडली. आत हिरवं असायला हवं होतं. तपकिरी होतं. आणखी एक फांदी खरवडली, मग खोड. शेवटी मातीत बोट खुपसलं, नाकाशी नेलं आणि मुलीपुढे धरलं. तिलाही वास आला, साचलेल्या पाण्याचा, कुजका.

"मुळं गेली," ते हलक्या आवाजात म्हणाले. "जुनिपरचं असंच असतं. मेल्यावरही झाड महिना-दोन महिने हिरवं राहतं. आपल्याला कळतं तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं."

काहीच करता येणार नाही का, असं तिने विचारलं. त्यांनी मान हलवली. बाबांच्या वेळी इस्पितळाच्या जिन्यातही त्यांनी तशीच हलवली होती.

आतून आईने विचारलं, डॉक्टरांना साखर अजून चालते, की आता तेही दातांना भितात. चालते, असं मुलीनेच ओरडून सांगितलं.

मग ती दंतवैद्यांकडे वळली. "झाड गेलं, हे सांगेन मी तिला. आज नाही, पण सांगेन. कशाने गेलं, ते नको."

त्यांनी मोडलेली फांदी तारेसकट सोडवली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

आई ट्रे घेऊन आली, तेव्हा चकती फिरलेली होती. जुना घाव बाबांच्या खुर्चीसमोर आला होता.

"वहिनी म्हणतात तीच बाजू," दंतवैद्य म्हणाले. "आमचंच चुकत होतं."

आईने ट्रे ठेवला आणि ती त्या खुर्चीत बसली. बाबा गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. दंतवैद्य एकेका फांदीला तार गुंडाळत गेले, कुठलीही न वाकवता. काम करताना एरवी त्यांची बडबड थांबत नसे. तोंड उघडून बसलेला माणूस उलट बोलू शकत नाही, याचा मी जन्मभर फायदा घेतला, असं ते म्हणायचे. आज त्यांचा चहा गार झाला तरी ते गप्प होते. आता ह्याला छान वळण लागेल ना, असं आईने विचारलं. तारा वर्षभर राहू द्या, असं ते वर न बघता म्हणाले.

काम संपल्यावर आई उठून झारी घेऊन आली. आज राहू दे, सकाळी घातलंयस ना, असं मुलीने सांगून पाहिलं.

"एवढं पिळून काढलंत त्याला," आई म्हणाली. "तहान लागली असेल."

तिने पाणी घातलं. ते मातीत उतरलं नाही. कुंडीच्या काठापर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं. मुलीने खाली ताटली सरकवली. आई झारी धरून तशीच उभी राहिली, ते मुरलं की आणखी घालायला.