उंचावरच्या कामास अपात्र

"एकही जुना कागद सुटणार नाही," संगणकवाल्या बाई म्हणाल्या, आणि थोरल्याने चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

ओतशाळेतले चाळीसेक कामगार त्यांच्यासमोर बसले होते. कारखान्यात आजवर दर खात्याचा संसार वेगळा. हजेरी एकीकडे, भांडार दुसरीकडे, दवाखान्याचं तर तिसरंच. या हाताचं त्या हाताला कळत नसे. आता पंधरा दिवसांत सगळ्या खात्यांची माहिती एकाच यंत्रणेत येणार होती.

"लग्नं जुळवणारे पुष्कळ पाहिले," मागून कोणीतरी म्हणालं, "खाती जुळवणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय. नाही जुळली तर?"

"तर का नाही जुळली ते मी शोधून काढते," बाई हसत म्हणाल्या.

सगळे हसले. थोरल्याने विचारलं, "दवाखान्याचंसुद्धा?"

"ते तर सगळ्यात आधी. कोण कुठल्या कामाला पात्र आहे, ते फोरमनना एका बटणावर दिसेल."

थोरला उठला, शिडी चढला आणि आपल्या क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन बसला. जमिनीपासून चाळीस फुटांवर, तिन्ही बाजूंनी काच. खालून वितळलेल्या लोखंडाची बादली उचलायची आणि माणसांच्या डोक्यांवरून साच्यांपर्यंत न्यायची. दोस्तमंडळी त्याला 'उंटावरचा शहाणा' म्हणत. ही जागा त्याने नऊ वर्षांपूर्वी चोरली होती, आणि ती चोरी फक्त त्यालाच ठाऊक होती.

तेव्हा जागा एकच होती आणि उमेदवार दोन, तो आणि त्याचा धाकटा भाऊ. दोघे एकाच सकाळी दवाखान्यात गेले. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. आठवड्याने दोघांच्या हातात एकेक बंद पाकीट आलं. धाकट्याच्या पत्रात 'पात्र' होतं. थोरल्याच्या पत्रात लिहिलं होतं, 'केव्हाही शुद्ध हरपण्याचा संभव. उंचावरच्या कामास अपात्र.'

पत्र स्वतःच फोरमनला नेऊन द्यायचं होतं. फोरमनने मान वर न करताच विचारलं, "पास?"

"पास," थोरला म्हणाला. मोठा म्हणून जागा त्यालाच मिळाली.

त्या दिवसापासून तो स्वतःचा पहारेकरी झाला. जरा डोळ्यांपुढे अंधारलं की लगेच खाली बसायचा. लेकीला त्याने कधी खांद्यावर घेतलं नाही. नदीत उतरला नाही. बादली वर उचलली की मनात आकडे मोजायचा, म्हणजे शुद्ध जायला लागली तर आकडा चुकेल आणि ब्रेक ओढता येईल. आकडा कधीच चुकला नाही. तरी रोज वाटायचं, आज चुकेल. उतरावं म्हटलं तर कारण सांगावं लागणार. वर बसवत नाही, खाली उतरवत नाही, अशी नऊ वर्षं गेली.

आता बाई दवाखान्याची कपाटं उपसत होत्या. चौथ्या दिवशी त्याला राहवेना. सुट्टी झाल्यावर त्याने धाकट्याला घरी गाठलं आणि सगळं ओकून टाकलं.

धाकटा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही.

"बोल ना रे काहीतरी. शिव्या तरी घाल."

"अं? काय म्हणालास?" धाकटा दचकला.

"लागली समाधी!" आतून भावजय म्हणाली. "भावजी, ह्यांना सगळं दोनदा सांगावं लागतं."

थोरल्याने पुन्हा सांगितलं.

धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, जागेचं मरू दे. नऊ वर्षं हे एकट्याने वाहिलंस? मला तरी सांगायचंस." मग तो म्हणाला, "पण खरं सांगू? ती केबिन मला हवी होती रे. खूप हवी होती."

सकाळी थोरला फोरमनपुढे उभा राहिला. नोकरी जाणार हे धरूनच गेला होता. फोरमन खूप ओरडला, मग स्वतःच खुर्चीत बसला. "तुला 'पास' विचारून मोकळा झालो, पत्र मागितलं नाही. चूक माझीही आहे. भांडारात काम कर. वर कोण जाणार आता?"

"धाकटा आहे की. बदली चालकाचं शिक्षण झालंय त्याचं."

"नव्या तपासणीला महिना जाईल."

"त्याचं पत्र आहे ना. पात्र आहे तो. हक्काची जागा त्याचीच होती," थोरला म्हणाला. त्याने आग्रहच धरला. तेवढं तरी आपल्या हातून व्हावं, असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या सोमवारी दुपारी बाईंचा निरोप आला. थोरला भांडारातून ओतशाळेच्या वाटेनेच निघाला. भट्टी नुकतीच उघडली होती. वर केबिनमध्ये धाकटा बसला होता. दादाला पाहून त्याने लहान पोरासारखा हात हलवला आणि घंटा वाजवून बादली उचलली. खाली दहाबारा माणसं साच्यांपाशी उभी होती. थोरल्याला बरं वाटलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच बादली वर जाताना त्याने आकडे मोजले नव्हते.

बाईंनी त्याला खुर्ची दिली. "तुमचा हजेरीचा क्रमांक दवाखान्याच्या क्रमांकाशी जुळेना, म्हणून मी मूळ आलेखच काढले. जन्मतारीख, रक्तगट, सगळं ताडून पाहिलं. त्या दिवशी दोन पत्रांची अदलाबदल झाली होती. तुमचा आलेख स्वच्छ आहे. तुम्हाला कधीच काही नव्हतं."

थोरला खुर्चीत मागे रेलला. मग हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. लेकीला खांद्यावर घ्यायचं राहून गेलं, ती आता उंचीने त्याच्या कानापर्यंत आली होती.

"नऊ वर्षं, बाई," तो म्हणाला. "नऊ वर्षं."

"ज्यांचा आलेख सदोष आहे, त्यांना मात्र आजच कळवायला हवं," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "नावाचं पहिलं अक्षर तुमचंच, आडनावही तुमचंच दिसतंय. हे सध्या कुठे काम करतात?"