आधी माझं बोट

सुई टोचली तेव्हा सिस्टर हसतच होत्या. "बघा, मेले का मी?" म्हणत त्यांनी बोट उंच धरलं. शिलाई कारखान्यातल्या चाळीस बायका खुदकन हसल्या. रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर पडला आणि सिस्टरनी ती पट्टी कटिंगच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

ही त्यांची नेहमीची युक्ती. गुप्तरोगांची तपासणी म्हटलं की बायकांना अचानक घरची कामं आठवतात. "आम्ही काय तसल्या आहोत का?" हा प्रश्न तर ठरलेला. मग सिस्टर म्हणत, "मीही तसली नाही. आधी माझं बोट, मग तुमचं." पाच वर्षांत सिफिलिसची लागण निम्म्यावर आणायची, असं सरकारनं देशासाठी ठरवलं होतं. ते उद्दिष्ट वरून पायरी पायरीनं घरंगळत सिस्टरच्या वाट्याला आलं, तेव्हा त्याचं एवढंच उरलं होतं: महिन्याला दोन शिबिरं, दर शिबिरात चाळीस बोटं.

दोन वर्षांत त्यांनी स्वतःचं बोट पन्नासेक वेळा टोचून घेतलं होतं. दर वेळी एकच रेघ. एक रेघ म्हणजे ठीक, दोन म्हणजे लागण, हे त्या इतक्यांदा सांगत की तपासणीची गाडी चालवणाऱ्या त्यांच्या नवऱ्यालाही ते पाठ झालं होतं. तो मात्र कधी बोट पुढे करत नसे. "एका घरात एकजण पास झाला की पुरे," म्हणून गाडीत जाऊन बसे. सिस्टर त्याला भागूबाई म्हणून चिडवत.

पट्टीला पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात सिस्टर समजावत होत्या, "तीन इंजेक्शनांत हे पूर्ण बरं होतं. फक्त नवराबायको दोघांनी घ्यायला हवं." काज-बटण करणारी सात महिन्यांची गर्भार पोरगी पुढेच बसली होती. तिनं विचारलं, "बाळाला नाही ना काही होणार सुईनं?"

"अगं, बाळासाठीच तर टोचायचं."

पोरगी पट्टीकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "सिस्टर, दुसरी पण उठतेय."

सिस्टरनी पाहिलं. दुसरी रेघ चांगली ठसठशीत होती. किट खराब असेल. त्यांनी दुसरं फोडलं. बोट परत टोचलं. पंधरा मिनिटं गेली. पुन्हा दोन रेघा.

बावीस वर्षांच्या संसारात त्यांना दुसऱ्या पुरुषाचा हात लागला नव्हता. मग हे कुठून आलं, ते कळायला नर्स असण्याची गरज नव्हती. त्यांना ओरडावंसं वाटलं. मागच्या दोघी-तिघी दाराकडे सरकायला लागल्या. गर्भार पोरीनं दोन्ही हात काखेत दडवले. 'किटंच बाद निघाली, पुढच्या वेळी करू,' एवढं म्हटलं असतं तरी सिस्टरची अब्रू वाचली असती.

त्यांनी पट्टी उचलून सगळ्यांसमोर धरली. "दोन रेघा. मला लागण झालीय." आवाज फाटला, तरी त्या बोलत राहिल्या. "मी तसली नाही. तसलं कोणी नसतंच. मी इंजेक्शन घेणार आणि बरी होणार. आता कोण येतंय?"

मग गर्भार पोरीनं एक हात बाहेर काढला. तिच्यामागे रांग लागली. दारापर्यंत गेलेल्या परतल्या. यादीत नसलेली सुपरवायझरही शेवटी येऊन उभी राहिली. पोरीच्या पट्टीवर एकच रेघ आली, तेव्हा सिस्टरना पहिल्यांदा रडू फुटलं.

नवरा गाडीत रेडिओ ऐकत होता. "झालं का तुझं टार्गेट?"

सिस्टर शेजारी बसल्या. आपल्या दोन्ही पट्ट्या त्यांनी त्याच्यासमोर ठेवल्या आणि नवी सुई काढली. मनात अजून एक वेडी आशा होती. त्याला कदाचित माहीतच नसेल, बिचाऱ्याला. कळलं तर तोही हादरेल, मग दोघं मिळून औषध घेऊ.

"हात पुढे करा," त्या म्हणाल्या.

त्यानं पट्ट्या पाहिल्या. रेडिओ बंद केला. स्टिअरिंगवरचा हात काही निघाला नाही.

"माझी तिन्ही इंजेक्शनं मागच्या महिन्यातच झालीत," तो म्हणाला.