दोघांना दिसलेला पक्षी

"करंजाच्या वाळक्या फांदीवर बघा," श्रीधररावांनी हळूच सांगत वृक्षोद्यानाच्या माळ्याला दुर्बीण दिली.

हिवाळ्यापुरत्या येणाऱ्या या तांबड्या गळ्याच्या माशीमाराची त्यांच्या बायकोनं नऊ वर्षं वाट पाहिली होती. दोघांना दिसला तरच पक्षी वहीत लिहायचा, हा नियम तिचाच. ती जूनमध्ये गेली. आता दुसरा कोण, म्हणून माळी.

माळ्यानं दुर्बीण शेजारच्या बहाव्यावर रोखली. "दिसला की, काका. लय देखणा."

श्रीधररावांनी दुर्बीण परत घेतली. पक्षी दिसला नाही तरी तेही वर्षानुवर्षं असंच "दिसला गं" म्हणत आले होते, आणि ती खुशीत वही उघडायची.

ती तर शेजारीच उभी असायची. दुर्बीण कुठे रोखलीय, हे तिलाही कळत असणारच.

त्यांनी वही उघडली आणि माशीमार लिहिला.