बहिणीच्या हातचं पाणी

देवळामागच्या नव्या विहिरीची पूजा चालली होती. गुणाबाई भरली घागर डोईवर घेऊन लांबून बघत होती. पाटावर सोवळं नेसून गुरुजी बसले होते. कपाळावरच्या वणावर कुंकू होतं.

तो वण जुन्या विहिरीच्या काठावरचा. तिथं पाणी भरू द्यावं म्हणून गुणाबाईची वस्ती महिनाभर गप बसून राहिली होती. दगड आले, शेण आलं, कुणी हात उगारला नाही. गावातून एकटे गुरुजी त्यांच्यात येऊन बसले, डोकं फुटलं तरी उठले नाहीत. विहीर खुली झाली तेव्हा पहिली ओंजळ त्यांनी गुणाबाईच्या घागरीतली घेतली. "बहिणीच्या हातचं पाणी," म्हणाले.

मग एकेक करून गावच्या घागरी तिथून नाहीशा झाल्या. "गावाला खणू दे दुसरी. गुरुजींची घागर हितंच येणार," असं ती पैजेवर सांगायची.

पूजा उरकून गुरुजी जवळ आले. "आता तुम्हाला कोण अडवतंय, बाई? ती विहीर सगळी तुमचीच."

गुणाबाईनं घागर खाली ठेवली, ओंजळ भरली नि पुढं धरली. "बहिणीच्या हातचं हाय, गुरुजी."

गुरुजी सोवळ्याचा सोगा सावरत पाऊलभर मागं सरले.