दारातली सातसीटर

"डुकरं उसनी असली तरी चारा आपला टाक गं. उपाशीपोटी ओरडली की पाहुण्यांना कळतं."

धाकट्या दिराचं लग्न जमत होतं, तेव्हा पाहुण्यांना दाखवायला डुकरं आणून सासू म्हणाली होती. तीस वर्षं झाली, पण तो आवाज स्युमेईच्या कानातून गेला नव्हता.

आज तिच्या मुलाचं, युनशानचं जमायचं होतं. आता डुकरांना कोण विचारतं? पाहुणे दारात गाडी बघतात. म्हणून भाच्यानं तालुक्याच्या गाड्यांच्या दुकानातून दोन दिवसांसाठी पांढरी सातसीटर भाड्यानं आणली होती. महागडी नव्हे. गावोगाव दिसते तीच. संत्री, माणसं, कोंबड्या, सगळं पोटात घेणारी. स्युमेईनं पहाटे उठून तिला लेकरासारखं न्हाऊमाखू घातलं होतं.

मुलीचे वडील तांग देशंग, परगावच्या बहिणीला घेऊन, बसनं आले. घर पसंत पडलं तर पाहुणे जेवायला थांबत. नाही तर चहा घेऊन उठत. स्युमेईची चूल सकाळपासून पेटलेली होती.

तेलात पानं परतून केलेल्या खारट तेलचहाचे दोन वाडगे झाले. तांग अंगणात जाऊन गाडीभोवती फिरला.

"साधी की मागं एसीवाली?"

"एसीवाली," स्युमेई ठणकावून म्हणाली. "उन्हात नातवंडं बसायची, साधी कशाला घेऊ?"

"नातवंडं! आधी नवरी तर येऊ द्या," बहीण हसली.

"पाचसीटर स्वस्त पडली असती, ताई," तांग स्युमेईला म्हणाला.

"मग व्याह्यांना काय टपावर बसवू?"

तांग खो खो हसला. सरकतं दार अडलं होतं. त्यानं ते जरा उचलून एका हिसक्यात लावलं. हात धुतले.

"भूक लागली बुवा!"

स्युमेईनं तोंड फिरवून नव्हे, सगळ्यांदेखत डोळे पुसले. जमलं होतं.

अळकुड्या घालून वाफवलेलं मांस वाढून झालं. तांग म्हणाला, "आमची लानफेंग बाळंतपणाला अडली, तर दारात गाडी आहे. जिवाला घोर नाही."

स्युमेईनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. युनशाननं टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिनं तो झटकला.

"तांगभाऊ, हवं तर उठून जा. पण त्या गाडीच्या भरवशावर राहू नका. ती आमची नाही, भाड्याची आहे. आमची तीनचाकी खुराड्यामागं झाकून ठेवलीय. तुमच्या पोरीला मी खांद्यावरून नेईन, पण खोटं बोलून आणणार नाही."

बहिणीचा घास तोंडाशीच थांबला.

तांगनं मांसाचा मोठा तुकडा उचलून स्युमेईच्या भातावर ठेवला.

"ठाऊक आहे, विहीणबाई. गाडी माझीच. तालुक्याच्या दुकानात ती भाड्यानं लावलीय मीच."