नळीचं तोंड

ओकबुननं जमिनीवर तळहात टेकला. जमीन गार होती. नऊ दिवसांची बाळंतीण लेक आणि तिचं तान्हं त्याच जमिनीवर अंथरूण घालून झोपलं होतं, आणि ऑक्टोबरातलं वादळ सकाळपासून कोरियातल्या मोकपो शहराच्या टेकडीवर कोसळत होतं.

भिंतीवरच्या डबीत लाल आकडा लुकलुकत होता. ओकबुननं तीच ती कळ सात वेळा दाबली, डबीला एक चापटही मारून पाहिली. जमिनीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून घर तापवणारा मागच्या खोलीतला बॉयलर एकदा खाकरला आणि गप्प झाला.

"राहू दे गं, आई. एवढी काही थंडी नाही," बोराम म्हणाली. रजई मात्र तिनं गळ्यापर्यंत ओढली होती.

"तू गप पड. एकवीस दिवस जमिनीला ऊब हवी म्हणजे हवी. माझी बोटं बघतेस ना? तुझ्या वेळी तिसऱ्याच दिवशी गार पाण्यात हात घातले होते मी. एकदा गारठा हाडात शिरला की जन्मभर मुक्काम ठोकतो."

घरात विजेवर तापणारी गादी होती. पण बाळाला वायरींवर निजवणं बरं नव्हे, म्हणून ओकबुननं ती गेल्याच महिन्यात शेजारणीला देऊन टाकली होती. शेजारीण गादीसकट गावाला गेलेली. मग तिनं गरम पाण्याच्या बाटल्या भरून लेकीच्या पायाशी ठेवल्या. पण बाटली ती बाटली, जमीन ती जमीन. बाटल्याही निवल्या.

दुरुस्तीवाल्यानं अकराव्या वेळी फोन उचलला.

"मावशी, अख्खी टेकडी मलाच फोन करतेय. बॉयलरच्या खालून पाणी गळतंय का?"

"गळतंय."

"मग बाहेर जाऊन धुराची नळी बघा. भिंतीतून बाहेर निघते ती. तिचं तोंड कुठं आहे?"

ओकबुन मागच्या अंगणात गेली. छत्री पहिल्याच झोतात उलटी झाली. खरं तर बघायची गरजच नव्हती. नळीचं तोंड आभाळाकडं होतं आणि पाऊस थेट तिच्या घशात चालला होता. नळीखाली दोन विटा होत्या. वसंतात ओकबुननंच त्या रचल्या होत्या. नळीतून ठिबकणारं पाणी खालच्या रांजणांवर पडायचं, आणि त्या रांजणांत तिनं सोयाबीन आंबत घातलं होतं. लेकीच्या बाळंतपणातलं समुद्री शेवाळाचं सार त्यातल्याच रसानं करायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. रांजण काही हलेनात, म्हणून तिनं नळीच वर उचलली. तेव्हा स्वतःच्या हुशारीचं तिला कोण कौतुक वाटलं होतं!

"वर आहे," ती फोनमध्ये ओरडली.

"वर? अहो, बाहेरच्या बाजूला उतरती असते ती, पाऊस आत जाऊ नये म्हणून! वर कुणी केली?"

"वाऱ्यानं झाली असेल."

"खाली काही टेकू आहे?"

"दोन विटा आहेत."

"वारा विटा रचून गेला होय!" तो म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "आतली वायरिंगची पाटी भिजली असणार, मावशी. आता कळ दाबू नका, बॉयलरचा गॅस बंद करा. पुलाखालच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी आहे. परवा येतो."

"परवा? अरे बाबा, घरात ओली बाळंतीण आहे!"

"माझ्या हातात असतं तर आलो नसतो का?"

ओकबुननं दोन्ही विटा उपसून फेकल्या. नळी खाली आली आणि तिनं भडाभडा पाणी ओकलं. आता त्याचा काय उपयोग!

"काय म्हणाला?" बोरामनं विचारलं.

"परवा येतो म्हणाला."

"पण बिघडलं कशानं?"

"माझ्यानं," ओकबुन म्हणाली. तिच्या बाह्यांतून पाणी गळत होतं. तिला भडभडून आलं, पण बाळंतिणीसमोर रडायचं नसतं, म्हणून तिनं ते गिळलं.

"आधी कपडे बदल, आई."

कपडे बदलून ओकबुन आली ती सरळ लेकीच्या अंथरुणाच्या रिकाम्या अर्ध्या भागावर पालथी पडली. रजई डोक्यावरून घेतली.

"हे काय आता?"

"जागा तापवतेय. बोलू नकोस."

अडुसष्ट वर्षांच्या अंगात उरली असेल नसेल तेवढी ऊब तिनं जमिनीला लावली. पोट, गुडघे, तळवे, गालसुद्धा. बऱ्याच वेळानं ती उठली आणि रजई उचलून धरली.

"चल, सरक इकडं. लवकर, निवायच्या आत."

बोराम बाळाला छातीशी धरून त्या जागेवर सरकली.

"आहे ना गरम?"

"आहे की," बोराम म्हणाली. बोलताना तिचे दात वाजत होते.