खिळ्यावरची रोटी

महिनाभर बेडपॅन उचलून, मोठ्या सिस्टरची बोलणी खाऊन नवी नर्स ओयदिन विटली होती. आज पाळी संपली की नोकरी सोडायची, असं तिनं ठरवलं होतं. ऑपरेशनला निघालेले आजोबा जाडजूड, गोल समरकंदी रोटी छातीशी धरून अडून बसले. “रोटी चावून निघालेला माणूस उरलेली खायला परत येतो. पोरी, ही खिळ्याला टांगल्याशिवाय मी हलणार नाही!” “उपाशीपोटी न्यायचंय, हिसकाव ती!” मोठी सिस्टर ओरडली. ओयदिन वाकली. “आजोबा, उरलेत तेवढे दात नुसते उमटवा. घास परत आल्यावर घ्या.” आजोबा हसले, दात उमटवून आत गेले. रोटी तिनं खिळ्याला टांगली. पाळी संपली. आजोबा अजून आतच होते. ओयदिननं एप्रन काढला, डब्यातली रोटी चावली आणि शेजारी टांगली. “इथं भटारखाना उघडलास काय?” सिस्टर करवादली. “उरलेली उद्या खाईन, सिस्टर.”